एसटीआयचं खरं इंजिन कोणतं: २ लिटर की २.५?

घाटरस्ता
सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय या स्पोर्ट्स कारच्या मॅन्युअल गाडीला जपानात २०१९ पर्यंत २ लिटरचं ईजे२०७ इंजिन मिळत राहिलं. अमेरिकेत २००४ च्या मॉडेलपासून २.५ लिटरचं ईजे२५७. माझ्या मते गाडीचा जीव ईजे२०७ मध्येच आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ९२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) फक्त ७५, त्यामुळे ८००० आरपीएमपर्यंत जायला ते कुरकुरत नाही. पहाटे जपानातल्या अकागी डोंगराच्या घाटात दुसऱ्या गियरवर ५००० ओलांडले की काटा झपाट्याने वर चढतो आणि पुढचं वळण येईपर्यंत गियर बदलावाच लागत नाही. ईजे२५७ मध्ये सिलिंडरांमधलं अंतर तेच ठेवून बोअर ९९.५ केला. मधली भिंत पातळ झाली ना! त्यात रिंग लँड (पिस्टनवरच्या रिंगांमधला धातूचा पट्टा) तुटण्याची तक्रार तर सगळ्यांनीच ऐकलीय.

सॅन होजेवाला
दादा, अजिबात सहमत नाही. रोजच्या रस्त्यावर ८००० ला किती वेळ असता? फ्रीवेच्या रॅम्पवर तिसऱ्या गियरमध्ये ३००० ला पाय दाबला की माझी २.५ लिटरची गाडी निघते, गियर उतरवायची गरज नाही. १ लाख १० हजार मैल झाले, मागच्याच महिन्यात कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासलं, चारही सिलिंडर जवळजवळ सारखे. रिंग लँड बहुतेक वेळा तुटतात त्या ट्यूनिंग नीट न करता बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवून इंजिनाला नॉक होऊ दिलं, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकू दिलं, की. आणि आवाज? असमान लांबीच्या हेडरमधून (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांमधून) येणारा तो गडगडाट तुमच्या जपानी गाडीच्या ट्विन स्क्रोल टर्बोमध्ये नाही.

घाटरस्ता
आवाज मान्य, तो मलाही हवासा वाटतो. पण टॉर्कचं (इंजिनाच्या ओढीचं) बोलत असाल तर आकडे बघा. २००७ नंतरचं जपानी २ लिटर: ४४०० ला ४२२ न्यूटन मीटर. अमेरिकी २.५: ४००० ला ३९३. अर्धा लिटर जास्त घेऊन कमी?

नॉकसेन्सर
ही तुलना चुकीची आहे. जपानात हाय-ऑक्टेन (नॉकला जास्त दाद न देणारं) पेट्रोल साधारण १०० चं. कॅलिफोर्नियात प्रीमियम ९१, मोजायची पद्धत वेगळी असल्याने जपानी मापात ते ९५-९६ च्या आसपास. टर्बो इंजिनात ऑक्टेन कमी म्हणजे नॉकची भीती, मग इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे घ्या, बूस्ट आवरा. आकडा तिथेच पडतो. शिवाय जपानात वाहनकर सीसीवर आहे, २००० च्या वर गेलात की पुढचा टप्पा. जागतिक रॅलीतही मर्यादा २ लिटरचीच होती. म्हणजे २ लिटर ठरलं ते नियमांमुळे. २.५ ला नीट घडवलं की काय होतं ते २०१९ च्या एस२०९ या खास एसटीआयने दाखवलं: ३४१ अश्वशक्ती, तीही कंपनीतूनच.

घाटरस्ता
पेट्रोलचा मुद्दा पटला, तो मी धरलाच नव्हता. पण एस२०९ मध्ये फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन आणि फोर्ज्ड कनेक्टिंग रॉड घातलेत. मूळचे पुरले असते तर बदलले असते का?

सॅन होजेवाला
ते ३४१ अश्वशक्तीसाठी बदलले, साध्या अमेरिकी एसटीआयच्या ३०५ साठी नाही. माझ्या गाडीत आजही मूळचेच आहेत.