एटीआरवर कमांडची वाट बघू की एअरबसला उडी मारू? (पुण्यातून)

धानोरीची_एफओ

नमस्कार मंडळी, इथे एव्हिएशनमधले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय, जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

मी एका छोट्या प्रादेशिक एअरलाइनमध्ये एटीआर ७२-६०० वर (हे पंख्याचं टर्बोप्रॉप विमान, जेट नाही) एफओ, म्हणजे उजव्या सीटवरची सहवैमानिक आहे. घर धानोरीला, पण बेस पुण्यात नाही, सुट्टी मिळाली की घरी येते. सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) बारामतीला केलं, टाइप रेटिंगचा (ठराविक विमान उडवायच्या परवानगीचा) खर्च कंपनीने केला आणि त्याचा बॉंड (तोवर कंपनी सोडायची नाही असा करार) अजून दीड वर्षाच्या आसपास शिल्लक आहे. टोटल अवर्स अकराशेच्या पुढे गेलेत. एटीपीएलचे (कॅप्टन व्हायला लागणाऱ्या लायसन्सचे) पेपर अजून दिले नाहीत, रोस्टर असं असतं की दिवसाला चार-चार सेक्टर (उड्डाणं) करून हॉटेलवर आलं की पुस्तक उघडायचं त्राणच उरत नाही.

प्रश्न असा की माझ्या बॅचचे बरेच जण ए३२० या एअरबसच्या जेटवर गेले आणि सगळे म्हणतात तू पण ये, टर्बोप्रॉपवर राहिलीस तर तिथेच अडकशील, पुढे गल्फमध्ये वगैरे कोणी विचारणार नाही, जेट अवर्स पाहिजेत. कंपनी म्हणते थांब, नवीन विमानं येतायत, कमांड (कॅप्टनची जागा) लवकर मिळेल. बाबा म्हणतात वीसेक लाख अजून उभे करू पण तू एअरबसचं रेटिंग करून घे. सीपीएलसाठी आधीच धानोरीच्या फ्लॅटवर कर्ज काढलेलं आहे, त्यामुळे मला ते नकोसं वाटतं. ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी प्लीज सांगा, प्रादेशिक एअरलाइनमध्ये राहून खरंच पुढे जाता येतं का?

विमाननगर_३२०

ताई, मी पण एटीआरवरूनच आलोय, आता एअरबसवर एफओ. स्पष्ट सांगतो, मला तरी गेलो ते बरं झालं असंच वाटतं. इंडिगोने जून २०२३ मध्ये एकदम ५०० विमानांची ऑर्डर दिली, एअर इंडियाने त्याच वर्षी फेब्रुवारीत ४७० ची, आणि यातलं सगळं जेट आहे. विमान आलं की त्यासोबत कॅप्टन लागतात, एका विमानाला एक जोडी पुरत नाही, बरेच क्रू ठेवावे लागतात. म्हणजे पुढची दहा वर्षं जागा कुठे निघणार आहेत ते दिसतंच आहे. शिवाय एटीआर ७२ जेमतेम २३ टनांचं आणि ए३२० निओ ७९ टनांचं, बाहेरच्या कंपन्या वजन आणि जेट बघतात हे खरं आहे.

पण एक गोष्ट कळकळीने सांगतो, हातात ऑफर नसताना स्वतःच्या पैशाने रेटिंग करू नका. माझ्या ओळखीतल्या पोरांनी केलं, सिम्युलेटरमधून बाहेर पडले तेव्हा लायसन्सवर एअरबस लिहिलेलं पण त्या विमानावरचा लाइनचा (प्रवासी घेऊन प्रत्यक्ष उडवल्याचा) एक तास नाही, आणि कंपन्या विचारतात टाइपवर किती तास झाले. रेटिंग नुसतं पडून राहिलं की त्याचे चेक परत द्यावे लागतात, त्याचाही खर्च आपल्याच खिशातून. ज्या कंपनीत जायचं तिने घेतलं पाहिजे आणि मग रेटिंग, हाच क्रम ठेवा.

जुना_कमांडर

पोरी, मी रिटायर्ड आहे, टर्बोप्रॉप आणि जेट दोन्ही उडवलेत, सध्या औंधात असतो. तुझ्या बॅचमेट्सचं अर्धंच बरोबर आहे.

पहिली गोष्ट म्हणजे विमानाच्या आकाराकडे बघून करिअर मोजू नकोस, डावी, म्हणजे कॅप्टनची सीट कधी मिळणार ते बघ. एअरलाइनमध्ये सगळं सिनियॉरिटीवर चालतं आणि सिनियॉरिटी जॉइनिंगच्या तारखेवर. आज तू एअरबसला गेलीस तर यादीच्या तळाशी जाणार, तुझ्या मागचे अकराशे तास तिथे तुला कोणाच्या पुढे नेणार नाहीत. वर ग्राउंड क्लासेस, सिम, मग लाइन ट्रेनिंग, मग रिलीज (ट्रेनिंग संपून मोकळं होणं), या सगळ्यात काही महिने जातात आणि तेवढ्या काळात लॉगबुकात फारसं काही चढत नाही. मोठ्या कंपनीत विमानं शेकड्याने येतायत हे खरं, पण तुझ्या आधी यादीत माणसंही शेकड्याने आहेत ना.

दुसरी गोष्ट एटीपीएल. ते नसेल तर कंपनी कितीही चांगली असो, कमांड मिळत नाही. १५०० तास सगळ्यांना पाठ असतात, पण त्यात रात्रीचे १०० तास लागतात हे प्रादेशिकवाल्यांच्या उशिरा लक्षात येतं. तुमची उड्डाणं लहान गावांना, तिथे अनेक ठिकाणी नाईट लँडिंग नाही, म्हणून सगळं काम सूर्य असेपर्यंत. टोटल भराभर वाढतं आणि रात्रीचा रकाना तसाच राहतो. आजच लॉगबुक उघड आणि नाईट आणि पी-वन यूएस (कॅप्टनच्या देखरेखीखाली कॅप्टनचं काम केल्याचे तास) हे दोन रकाने वेगळे बेरीज करून बघ. कमी असतील तर रोस्टरिंगला लेखी विनंती कर, संध्याकाळच्या सेक्टरला लावा म्हणून, आणि कॅप्टन सेक्टर देतो तेव्हा पी-वन यूएसची सही त्याच दिवशी घे. वर्षभराने ते कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेलेले असतात आणि मग सह्यांसाठी फिरावं लागतं.

तिसरं, एटीआरला कमी लेखू नकोस. त्याला ऑटोथ्रॉटल नाही, पॉवर हाताने सांभाळावी लागते. जेट ३५ हजार फुटांवरून ढग ओलांडून जातं, तू २० हजाराच्या आत त्याच ढगांमधून जातेस, आयसिंग (विमानावर बर्फ साचणं) तुझ्याच वाट्याला. जुलैमध्ये जळगावसारख्या आखूड रनवेवर ओल्यात उतरवणारा पायलट पुढे कुठेही गेला तरी हात बसलेला असतो. मी ट्रेनिंगला असताना टर्बोप्रॉपवरून आलेली मुलं क्रॉसविंडमध्ये लगेच ओळखू यायची.

आणि कंपनीला नेमकं विचार. "लवकर" म्हणजे काय? किती विमानं कोणत्या महिन्यात येणार, सध्या किती कॅप्टन आहेत, त्यातले बाहेरून किती घेतले, गेल्या वर्षी आतल्या किती एफओंना अपग्रेड केलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जर शून्य असेल तर गोड बोलण्यावर जाऊ नकोस.

लाइन_बंद_पडलेला

सरांचं सगळं पटलं पण एक बाजू राहिली म्हणून लिहितो. छोटी कंपनी टिकेल का हा प्रश्न कमांडच्या आधी येतो. छोट्या शहरांना विमानाने जोडणारी सरकारची उडान योजना ऑक्टोबर २०१६ ला आली, पहिलं विमान एप्रिल २०१७ मध्ये शिमला-दिल्ली गेलं, तेव्हापासून किती प्रादेशिक कंपन्या आल्या आणि गेल्या ते आठवा. ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली. सरकारी मदत रूटला तीन वर्षं असते, ती संपली की तो रूट स्वतःच्या तिकिटांवर चालला पाहिजे आणि बरेचसे चालत नाहीत. अर्थात मोठ्या पण बुडतात, जेट एअरवेज एप्रिल २०१९, गो फर्स्ट मे २०२३, त्यामुळे मोठी म्हणजे सुरक्षित असंही नाही.

मी ज्या छोट्या कंपनीत होतो (नाव घेत नाही) तिथे आधी पगार उशिरा यायला लागला, मग अर्धा, मग विमानं लीजवाले घेऊन गेले. पैशाचं नुकसान भरून निघालं हळूहळू, पण रिसेन्सी (अलीकडे उडवल्याची नोंद) गेली ते जास्त लागलं. ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग नसतील तर प्रवाशांना घेऊन उडता येत नाही, आणि मुलाखतीला गेलं की पहिला प्रश्न शेवटचं कधी उडवलं. म्हणून ताई, पगार तारखेला येतोय का, पीएफ भरला जातोय का, एखादं विमान सुट्या भागांसाठी महिनोन् महिने उभं आहे का, याकडे लक्ष ठेवा. हे तुम्हाला अॅप्रनवरच (विमानं उभी असतात तिथे) दिसतं, कोणाला विचारायला लागत नाही.

बँकवाला_कोथरूड

मी पायलट नाही पण एज्युकेशन लोन बघतो. २० लाख, ११ टक्के, सात वर्षं, हप्ता साधारण ३४ हजार बसतो. हा आधीच्या हप्त्याच्या वर. फ्लॅट आधीच तारण आहे म्हटल्यावर मी तरी बाबांना हात जोडून सांगेन थांबा म्हणून. आणि ताई लॉस ऑफ लायसन्सचा विमा घेतलाय का तुम्ही? मेडिकल दरवर्षी असतं, उद्या काही निघालं आणि अनफिट केलं तर पगार थांबतो, हप्ता थांबत नाही. तो आधी घ्या, बाकी सगळं नंतर.

बे_एरियातून

मी मूळचा सहकारनगरचा, इकडे अमेरिकेत चुलतभाऊ रीजनलवर आहे म्हणून लिहितो. बरीच मुलं इकडचे यूट्यूब व्हिडिओ बघून तिथले हिशोब करतात, ते करू नका. इथे रीजनल कंपन्या मोठ्या कंपन्यांसाठी कॉन्ट्रॅक्टवर उडतात, विमानावर नावसुद्धा मोठ्या कंपनीचं. एन्व्हॉय, पीएसए, पीडमाँट या तर अमेरिकन एअरलाइन्सच्याच, आणि तिथून पुढे अमेरिकनमध्ये जायचा ठरलेला रस्ता असतो, नंबर आला की जायचं. शिवाय २००९ च्या बफेलोजवळच्या अपघातानंतर नियम बदलला आणि २०१३ पासून इथे एफओ म्हणून बसायलाच साधारणपणे १५०० तास लागतात. भारतात २०० तासांच्या सीपीएलवर तुम्ही उजव्या सीटवर बसता आणि १५०० हा आकडा डाव्या सीटच्या वेळी येतो. आकडा एकच पण जागा वेगळी, त्यामुळे इकडचा सल्ला तिकडे लागू होत नाही. तिकडे ज्या ग्रुपकडे एटीआर आणि जेट दोन्ही आहेत तिथे आतल्या आत बदली हाच सगळ्यात जवळचा रस्ता वाटतो मला.

विमाननगर_३२०

अजून एक राहिलं, नोटीस पिरियड. डीजीसीए या सरकारी विमान नियामकाच्या २०१७ च्या नियमाने एफओला सहा महिने आणि कमांडरला पूर्ण वर्ष. म्हणजे एकदा कमांड घेतली की बाहेर पडायला वर्ष आणि तेवढ्यात समोरच्या कंपनीची भरती बंद झालेली असू शकते. आणि एटीआरचा कॅप्टन एअरबसला जातो तेव्हा बहुतेक वेळा परत उजवीकडेच बसतो, पगारही खाली येतो, घरी हप्ते चालू असताना ते सोपं नसतं. काका, तुमचा अनुभव माझ्यापेक्षा खूप जास्त आहे, पण यासाठीच मी म्हणतो की जायचं असेल तर एफओ असतानाच जावं.

जुना_कमांडर

मुद्दा बरोबर आहे तुझा, नाकारत नाही. तरी माझं मत तेच. परत उजवीकडे बसलेला कॅप्टन आणि कधीच डावीकडे न बसलेला एफओ यांत फरक असतो, कमांडचे तास कोणी पुसत नाही आणि पुढच्या अपग्रेडच्या वेळी ट्रेनिंगवाल्यांना ते दिसतं. धुक्यात डायव्हर्ट करायचं की होल्डमध्ये (हवेतच घिरट्या घालत) थांबायचं, इंधन किती उरलंय, मागे सत्तर माणसं बसलीत, हा निर्णय ज्याने स्वतःच्या सहीने घेतलाय तो वेगळाच तयार होतो. पण हे तिची कंपनी खरंच अपग्रेड करत असेल तरच, नाहीतर तुझं ऐकावं.

आणि घाई नाही हेही सांगतो. नव्या ड्युटी नियमांनी २०२५ मध्ये आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, रात्रीची लँडिंगं कमी केली, डिसेंबरमध्ये इंडिगोची उड्डाणं किती रद्द झाली ते सगळ्या देशाने पाहिलं. तेवढ्याच विमानांना आता जास्त पायलट लागणार. दीड वर्षाने दार बंद होईल अशी भीती बाळगायचं कारण नाही.

धानोरीची_एफओ

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मनापासून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. कालच लॉगबुक घेऊन बसले. काका तुम्ही म्हणालात तसंच निघालं, नाईट साठच्या आसपासच आहे, आमचे बहुतेक रूट संध्याकाळी सातच्या आत संपतात. पी-वन यूएसच्या काही सह्या राहिल्यात, त्यातले एक कॅप्टन पुढच्या महिन्यात जातायत, त्यांना आजच फोन केला.

ऑपरेशन्सला मेल टाकलाय. तोंडी उत्तर असं मिळालं की गेल्या वर्षी आतल्या दोघांना अपग्रेड केलं, दोघेही आता रिलीज झालेत, आणि माझ्या पुढे यादीत पाच जण आहेत. पगार आजवर तारखेलाच आलाय. त्यामुळे बॉंड संपेपर्यंत इथेच राहायचं आणि तेवढ्यात एटीपीएल पूर्ण करायचं असं ठरवतेय. बाबांना तो ३४ हजारांचा आकडा दाखवला, ते शांतपणे म्हणाले ठीक आहे, आत्ता नको. विम्याचं पण बघतेय, ते खरंच डोक्यात नव्हतं.

एक विचारायचं राहिलं, रात्रीच्या तासांसाठी रोस्टरिंगला लिहिताना काय लिहू? माझं असं म्हणणं नको दिसायला की मला दिवसाची ड्युटी नको.

जुना_कमांडर

सरळ लिही, एटीपीएलसाठी नाईट अवर्स कमी पडतायत, अमुक इतके पाहिजेत, पुढच्या तीन महिन्यांत शेवटच्या सेक्टरला लावता आलं तर बरं होईल. चीफ पायलटला सीसी ठेव. अपग्रेडला माणूस तयार झालेला कंपनीलाही हवाच असतो, वाईट वाटायचं काही कारण नाही. आणि पेपरांना नेव्हिगेशनपासून सुरुवात कर, त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

धानोरीची_एफओ

थँक यू काका. पुण्यातून कोणी एटीपीएल नेव्हिगेशनला बसतंय का पुढच्या सेशनला? मी महिन्यातून चार-पाच दिवस घरी असते, विमाननगर किंवा धानोरीत कुठेही भेटून सोडवता येईल, मेसेज करा.