कॉलेजच्या खेळाडूंचे पैसे: 2 कोटी 5 लाख डॉलरचं झाकण बसवलं कुणी?

कोलंबसकर:
शनिवारी आमच्या गावात, अमेरिकेतल्या कोलंबसमध्ये, कॉलेजची मॅच असली (अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे) की लाखभर माणूस स्टेडियममध्ये असतो. त्या पैशातून खेळाडूच्या वाट्याला वर्षानुवर्षं फक्त शिष्यवृत्ती यायची. 2021 मध्ये स्वतःच्या नावावर जाहिराती करायची मुभा मिळाली. जून 2025 मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी कॉलेज खेळांच्या संघटनेवर भरलेल्या 'हाउस' खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि 1 जुलैपासून विद्यापीठं थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी मर्यादा एका विद्यापीठाला साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर.

माझा आक्षेप या मर्यादेला. एनएफएलमध्येही (व्यावसायिक फुटबॉल लीग) ती आहे, पण खेळाडूंच्या युनियनशी घासाघीस करून ठरलेली. इथे युनियनच नाही. प्रशिक्षकांना मात्र रान मोकळं! टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने 2023 मध्ये आपले फुटबॉल प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना घरी बसवलं, त्याची किंमत साडेसात कोटी डॉलरहून जास्त. काम न करण्याचे पैसे!

रिकामटेकडा_राजा:
फुकट शिक्षण, राहणं, खाणं हे काही कमी नाही हो. पोहणं, कुस्ती, टेनिस हे सगळं फुटबॉलच्या जिवावर चालतं. तिकडे पैसे वाटत सुटलात की कात्री इकडे लागणार. स्टॅनफर्डने 11 खेळ बंद करायचं जाहीर केलं होतं, विसरलात?

कोलंबसकर:
ते 2020 मध्ये, राजे! तेव्हा खेळाडूंना विद्यापीठाकडून पगार म्हणून एक पैसा मिळत नव्हता. आणि ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी निर्णय मागे घेतलाच.

मावशी_मिशिगनच्या:
वाटणीचंही बोला. बऱ्याच मोठ्या विद्यापीठांनी धरलेला हिशेब असा: सुमारे 75 टक्के फुटबॉलला, 15 टक्के पुरुषांच्या बास्केटबॉलला, 5 टक्के महिलांच्या. मुलामुलींना समान संधी देणारा कायदा 1972 पासून आहे म्हणे.
शिवाय एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावरची पोरं. कामाच्या अटी इतक्या जाचक की बरीचजणं या पैशाला हात लावायला घाबरतात. आपल्याकडून टेनिसच्या शिष्यवृत्तीवर येणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं.

सोलापुरी_चादर:
पैसे आले आणि संघांमधला समतोल बिघडला म्हणून रडणाऱ्यांनी इंडियाना विद्यापीठाकडे बघावं. पिढ्यान्‌पिढ्या मार खाणारा संघ, जानेवारी 2026 मध्ये एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता! जुन्या पद्धतीत हे होणार होतं का? तेव्हा तेच चार-पाच संघ आलटून पालटून जिंकायचे.

बर्कलीचा_बंड्या:
चादर, त्यांचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू) फर्नांडो मेंडोझा आला कुठून? आमच्या कॅलहून, म्हणजे बर्कलीच्या विद्यापीठातून. आम्ही रोप वाढवायचं, आंबे शेजाऱ्याने उतरवायचे. याला तुम्ही समतोल म्हणता?

सोलापुरी_चादर:
प्रशिक्षक नोकरी बदलतो तेव्हा कुणी रोप-आंबे म्हणत नाही. पोरगं गेलं की लगेच बाग आठवते.

रिकामटेकडा_राजा:
बरं, युनियन काढली समजा. डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉलवाल्यांनी मार्च 2024 मध्ये 13 विरुद्ध 2 मतांनी युनियनच्या बाजूने कौल दिला, वर्ष संपायच्या आत अर्ज मागे. का, तर सरकारी कामगार मंडळात माणसं बदलणार होती आणि निकाल विरोधात जाण्याची भीती होती.

कोलंबसकर:
म्हणजे मागणी चूक नव्हती, मुहूर्त चुकला.

रिकामटेकडा_राजा:
मुहूर्त सोडा. फुटबॉलवाला आणि तलवारबाज एकाच युनियनमध्ये बसले, तर त्या 2 कोटींची वाटणी कोण करणार ते सांगा.

मावशी_मिशिगनच्या:
मी करते. पण मग 75 टक्के विसरा.