खंडेनवमीला तुमच्या घरी काय पुजलं? (अनुभव धागा)

पॅटर्नवाल्याचा पोरगा:
काल पाटावर आयुधं मांडताना मुलीनं विचारलं, पप्पा तुमचं हत्यार कुठलं? मी लॅपटॉप ठेवला होता. ती म्हणाली, ह्यावर तर आपण पिक्चर बघतो. तिचंही बरोबर.

आमचे दादा (म्हणजे वडील) बेळगावात उद्यमबागला एका फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, करायचे, ३१ वर्षं. पाटावर रंधा, पटाशी, छोटा हातोडा आणि एक पट्टी. ती पट्टी मुद्दाम खोटी असते, हे मला लहानपणी फार भारी वाटायचं. बीडाचं लोखंड ओतून निवलं की शंभराला एक आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करायचा आणि त्याची पट्टीच वाढवून आखलेली. गावच्या पट्टीनं मोजलात तर चुकलात. आणि हातोडा कशाला, तर कास्टिंग वाजवून बघायला. खणखणीत वाजलं तर पास. बद्द वाजलं की आत भेग.

२००३ ला मी वेबसाइटी करायला लागलो. बोगारवेसजवळच्या कॅफेत तासाला २५ रुपये देऊन बसायचं. पहिलं काम एका मंगल कार्यालयाचं. दादांना मुद्दाम दाखवायला नेलो. अक्षरं इकडनं तिकडं पळालीत, दिवे लुकलुकालेत, मी खूश. दादांनी पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, "वाजवून बघितलास काय?" मी हसलो.

दोन महिन्यांनी कार्यालयवाल्याचा फोन. त्याच्या पुण्याच्या भाच्याच्या कॉम्प्युटरवर मराठीचं नुसतं इंग्रजी गचपण दिसालंय. माझ्या मशीनवर शिवाजी फाँट होता, त्याच्याकडं नव्हता. दादांना सांगितलो तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, घरात वाजवून काय उपयोग, दुसऱ्याच्या हातात देऊन वाजवायचं.

दादा २०१९ ला गेले. आता गिऱ्हाइकाला देण्याआधी प्रत्येक साइट वहिनीच्या काच फुटलेल्या फोनवर, गच्चीच्या जिन्यात, जिथं रेंज जेमतेम आहे तिथं उघडून बघतो.

तर लिहा, तुमच्यात काय पुजलं? आणि तुमचं काम घरच्यांना कळतं काय?

टिळकवाडीचा बोका:
आम्ही राऊटर पुजला. हळदकुंकू लावताना वायर निघाली, दुपारपर्यंत नेट नाही. देवाला सुट्टी पाहिजे होती वाटतं.

वडगावची सून:
सासूबाईंचा धोटा. माग विकून सतरा वर्षं झाली, धोटा दिला नाहीत त्यांनी. त्याच्या शेजारी माझा फोन, कारण आता साड्या मी फोनवरनंच विकते. पूजा चाललेली आणि फोन वाजाला. उचलू की नको? सासूबाईच म्हणाल्या, उचल, लक्ष्मी आहे. एक हिरवी गेली 🙏

फोटोचं दुखणं कुणी सांगत नाही. जांभळी साडी फोनात निळी दिसते. दोनदा परत आल्या. आता सकाळी साडेदहाला गच्चीत, सावलीत, पांढऱ्या चादरीवर ठेवून काढते आणि खाली लिहिते, "प्रत्यक्षात जांभळी". ट्यूबखाली तर अजिबात नको. थांबा दूध उतू गेलं

मु.पो. बेंगळुरू:
मी ड्युटीवर होतो, आमच्यात सणाला कुणीतरी जागं राहावं लागतं. टेबलाला झेंडूची माळ तेवढी घातली.

पण घरच्यांना कळण्याचं विचारलात म्हणून. २०२० ला सगळे घरी आलो तेव्हा मी खानापूरच्या पलीकडं, जांबोटीकडल्या आमच्या गावात. घरात रेंज शून्य. देवळाच्या पारावर दोन कांड्या यायच्या. मग काय, छत्री धरून पारावर मीटिंग. आमच्याकडचा पाऊस ठाऊक आहे तुम्हाला. आज्जी चार दिवस बघत होती. पाचव्या दिवशी गावभर सांगितली, नातू रोज सकाळी देवापुढं उभा राहून इंग्लिशमध्ये गाऱ्हाणं घालतो. लोकांना खरं वाटलं! एक मामा येऊन म्हणाला, माझ्या म्हशीचं पण सांग की.

मी आज्जीला समजावायचा प्रयत्न केलो. नाही जमलं. खरं सांगू, गाऱ्हाणंच असायचं ते, फक्त ऐकणारा मॅनेजर.

जुळाऱ्याची गादी:
शिवाजी फाँट!! काय आठवण काढलात.

ते गचपण का व्हायचं सांगतो. त्या फाँटात इंग्रजी अक्षरांच्याच जागेवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची. फाँट गेला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी. धोतर सुटल्यासारखं. युनिकोड आलं तेव्हा आपल्या अक्षरांना स्वतःचे नंबर मिळाले, म्हणून आज कुठल्याही फोनवर मराठी दिसतं.

वडील छापखान्यात खिळे (शिशाची अक्षरं) जुळवायचे, मी तेच कॉम्प्युटरवर, डीटीपी करतो. खंडेनवमीला त्यांची कंपोझिंग स्टिक आणि माझा कीबोर्ड एकाच पाटावर. वडिलांना संगणक पटला नाही तो एका कारणानं. सुरुवातीला एका लग्नाच्या आभारपत्रिकेत मी छापलो, "उत्तम स्वयंपाकाबद्दल आचार्यांचे आभार". पाहिजे होतं "आचाऱ्यांचे". माझ्या फाँटात तो ऱ्य सापडेना, म्हटलं कोण बघतंय. वडिलांनी ५०० पत्रिका परत मागवायला लावल्या. आचाऱ्याला मात्र फार आवडलेली, एक फ्रेम करून लावलेला.

टिळकवाडीचा बोका:
आचार्य 😂😂 कोण हो ते, आम्हाला पण एक पत्रिका द्या

कडोलीचा:
नावावरनं आठवलं. धाग्याशी संबंध नाही, माफी असावी. आमच्या काकांचं नाव ज्ञानेश्वर. शाळेच्या दाखल्यावर डी-एन-वाय. पहाणी (म्हणजे आपला सातबारा) इकडं कन्नडात, तिथनं कुणीतरी इंग्रजीत केलं ते जे-एन. कॉम्प्युटरच्या मते ही दोन माणसं. पूर्वी तलाठी हातानं लिहायचा, तो काकांना ओळखायचा, प्रश्नच नव्हता. आता अ‍ॅफिडेव्हिट केलंय की हे दोघं एकच. काकांनी यंदा विळा-खुरप्याबरोबर ते अ‍ॅफिडेव्हिट पण पुजलं, लॅमिनेशन करून.

मु.पो. बेंगळुरू:
@कडोलीचा आमच्या ऑफिसात मी जे-एन, घरी डी-एन-वाय. मी पण ज्ञानेश्वर 🙋

कडोलीचा:
घ्या! हळूहळू एक संघटना काढूया.

निप्पाणीची लेक:
हसत हसत वाचत होते, पण धोट्यावर थांबले.

आईची कात्री आणि पत्र्याचा साचा. विडीचं पान त्या साच्यावर ठेवून कापायचं. आई दिवसाला हजार विड्या वळायची, आम्ही तिघी बहिणी शाळेतनं आलो की तोंडं मिटायला बसायचो. आज्जी १९८१ च्या तंबाखूच्या भावासाठीच्या आंदोलनात हायवेवर बसलेली, तिच्या भाकरी घेऊन आई जायची. त्या काळच्या गोष्टी आई सांगते, पण विड्यांबद्दल बोलत नाही. आमच्या कपड्यांना, वह्यांना तंबाखूचा वास यायचा. वर्गात मुली सरकून बसायच्या.

मी आता डेटा एन्ट्री करते, घरनं. माझी बोटं फार चालतात म्हणतात सगळे. कुठनं आली ते मला माहीत आहे. आईनं या वर्षी साचा काढलाच नाही. म्हणाली, तुझा कीबोर्डच ठेव, एकच आहे ते. मीच माळ्यावरनं साचा शोधला. गंजलाय. कुंकू लावलं तर आई उठून आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली आणि म्हणाली, साचा उलटा ठेवलायस.

वडगावची सून:
❤️ तुझ्या आईंना नमस्कार सांग गं.

कॅम्पातला गॅरेजवाला:
आमच्यात खंडेनवमी नाही, रविवारी चर्च. पण गॅरेजातली पोरं करतात. जॅकला, पान्यांना हार, दारात कोहळा. मी कुंदा आणून देतो. पहिल्या वर्षी मी बाहेर थांबलो होतो, माझा काही संबंध नाही म्हणून. मोठा मिस्त्री म्हणाला, साहेब, पाने तुमचेच आहेत की. तेव्हापासून आत उभा राहतो. हल्ली गाडीला आधी स्कॅनर लावायचा, मग बॉनेट उघडायचं. मिस्त्री अजून आधी कान लावतो. वरच्या दादांसारखंच.

टिळकवाडीचा बोका:
कुंदा कुठनं आणता? मावा जास्त भाजलेला आवडतो मला.

कॅम्पातला गॅरेजवाला:
ते नाही सांगणार, संपतो लवकर 😄

पॅटर्नवाल्याचा पोरगा:
सगळं वाचालोय, दुकानात आहे म्हणून उत्तरं नंतर. @निप्पाणीची लेक, तुमचं दोनदा वाचलो.
@गॅरेजवाला, दादांचा हातोडा मुलीकडं आहे. सकाळपासून घरातलं सगळं वाजवून बघालीय. कुकर पास. माझा माठ बद्द निघाला, आणि खरंच झिरपतोय.

वडगावची सून:
जुळारीदादा, तो ऱ्य फोनवर कसा काढायचा? मला साध्या र नं चालवावं लागतं.

जुळाऱ्याची गादी:
खाली टिंब असलेला ऱ शोधा, त्याचा पाय मोडा, मग य. "साऱ्या" लिहून बघा.

वडगावची सून:
साऱ्या. साऱ्या. आला! हिरव्या साऱ्या संपल्या. जांभळी एक आहे, फोटोत निळी दिसेल.