वॉशिंग मशीनच्या मोटरीवर ग्राइंडर: खरंच परवडतो का?

केजकर
सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा टब फुटला की अख्खं मशीन किलोच्या भावानं भंगारात जातं. आतल्या मोटरी बहुतेक वेळा धडधाकट असतात. माझं म्हणणं सरळ आहे, धुण्याच्या टबाची मोटर काढून ठेवा आणि तिच्यावर धार लावायचं मशीन बनवा. आमच्याकडं आधी सोयाबीनचे विळे, मग टोळ्या ऊसतोडीला निघायच्या आत कोयते. एवढ्याच कामाला नवा बेंच ग्राइंडर कशाला? शिवाय ही मोटर चार पोलची, म्हणजे हळू, मिनिटाला 1400 फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपास फिरते. बाजारातला ग्राइंडर साधारण 2800 नं. हळू चाकावर पातं लवकर तापून निळं पडत नाही, पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरत नाही.

वाळूजचा टर्नर
मोटर फुकट, बाकी सगळं विकत. शाफ्टला बुश (चाकाचं भोक शाफ्टवर नीट बसवणारी नळी), चाक धरायला दोन्हीकडून फ्लँज, बेअरिंग ब्लॉक, पुली, पट्टा, अँगलचा स्टँड, गार्ड. मजुरी मलाच मिळणार, म्हणजे तोट्यात मी नाही. आणि लेबलवरचे अडीचशे-तीनशे वॅट म्हणजे मोटर लाइनवरून ओढते ते. शाफ्टवर त्याच्या निम्म्याच्या आसपासच येतं. अर्ध्या एचपीचा ग्राइंडर म्हणजे 373 वॅट, तेही शाफ्टवर. कोयता दाबला की तुमचं चाक उभं राहील.

केजकर
दाबायचा कशाला? धार लावायचीय, रूळ कापायचा नाही.

रिवाइंडिंगवाला, परभणी
वॅटवर भांडू नका. ही मोटर सलग चालायला बनलेलीच नाही. मशीनमध्ये थोडा वेळ एका दिशेला फिरते, थांबते, मग उलटी. बऱ्याच मॉडेलांत थंड करायची पाती पुलीलाच असतात. तुम्ही पुली बदलली की हवा गेली. अंग उघडं, त्यामुळं ग्राइंडिंगचा चुरा थेट वाइंडिंगवर बसतो.

त्यात आपलं व्होल्टेज. ही इंडक्शन मोटर, तिचा टॉर्क (फिरवायची ताकद) व्होल्टेजच्या वर्गाच्या, म्हणजे स्क्वेअरच्या, प्रमाणात कमी होतो. 230 च्या जागी 180 आलं तर ताकद 61 टक्क्यांवर. सगळ्यांचे पंप एकदम चालू झाल्यावर हे आकडे काही नवल नाहीत. मोटर गुरगुरत जागेवर उभी राहते आणि जळते. हल्ली आत बरेचदा ॲल्युमिनियमची तार असते, ती भरून देण्यात मला रस नाही.

करायचंच असेल तर सील गेलेल्या अर्ध्या एचपीच्या मोनोब्लॉक (मोटर-पंप एकत्र जोडलेल्या) पंपाची मोटर घ्या. सलग चालणारी, बंद अंगाची, मागं पंखा. पाणी आटून पडून राहिलेल्या पंपांना मराठवाड्यात तोटा नाही, दुर्दैवानं. फिरते मात्र 2880 च्या आसपास, तेव्हा गार्ड मजबूत पाहिजे.

नवशिका, जालना
मिक्सरची चालेल का? 750 वॅट लिहिलंय.

वाळूजचा टर्नर
अजिबात नाही! ती ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर, रिकामी असली की 18,000 पर्यंत जाते. 6 इंची चाक 2880 वर फिरलं तर कडेचा वेग सेकंदाला 23 मीटर. 18,000 वर 140 च्या पुढं. चाकावर कमाल आरपीएम छापलेले असतात, वाचा. त्यापुढं गेलं तर चाक फुटतं आणि तुकडा कुणाच्या तोंडावर जाईल ते सांगता येत नाही.

उदगीरकर
चाकाला नको, कबूल. पण मिक्सरला सरसकट नावं ठेवू नका. बारीक भोकं पाडायला, लाकडावर कोरायला वेगच लागतो, आणि ब्रशची मोटर असल्यानं योग्य ताकदीच्या रेग्युलेटरवर वेग कमी करता येतो. सलग मात्र चालवायची नाही.

आयटीआय, नांदेड
लाइट गेल्यावर काय, हे कुणीच बोललं नाही. लोडशेडिंगमध्ये लाइट जाते, माणूस बटण तसंच ठेवून चहाला जातो. लाइट आली की चाक आपोआप फिरायला लागतं, आणि तिथं पोरगं उभं असतं. नो-व्होल्ट रिलीजवाला स्टार्टर बसवा, लाइट गेली की तो आपोआप बंद पडतो, मग लाइट आली तरी हातानं दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. बॉडीला अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) हवाच. काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत चला. उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसं जातात, ते अशाच ढिलाईनं.

वाळूजचा टर्नर
झालं! स्टार्टर, आरसीसीबी, गार्ड. केजकर, आता बेरीज नव्या ग्राइंडरच्या पुढं गेली की नाही?

केजकर
आरसीसीबी नव्या ग्राइंडरलाही लागणारच, तो माझ्या खात्यावर का टाकता? स्टार्टरचंही तेच. तुमच्या विकतच्या ग्राइंडरला बहुतेक साधंच बटण असतं. परभणीकरांचं चुऱ्याचं म्हणणं मात्र पटलं. मोटर खाली डब्यात, चाक वर पट्ट्यावर, पुलीखाली वेगळा पंखा. पाच मिनिटं चालवायची, मग थांबायचं. विळ्याला त्याहून जास्त लागतही नाही.

रिवाइंडिंगवाला, परभणी
डबा गच्च बंद करू नका. आणि कंडेन्सर सोडवताना आधी डिस्चार्ज करा, लाइट बंद असली तरी झटका देतो.

वाळूजचा टर्नर
बुश किती एमएमचा? चाकाचं भोक आणि शाफ्ट दोन्ही मोजून टाका. पट्टीनं नाही, व्हर्नियरनं.