उशीवरचा सराव ड्रमवादकाचा हात घडवतो का?

लयबद्ध :

ड्रम शिकणाऱ्यांना हात तयार करण्यासाठी जे व्यायाम सांगितले जातात, त्यांत उशीवर किंवा घडी घातलेल्या टॉवेलवर सिंगल (दोन्ही हातांनी आळीपाळीने एकेक आघात) आणि डबल (प्रत्येक हाताने सलग दोन आघात) स्ट्रोक वाजवण्याचा सल्ला हमखास असतो. मऊ पृष्ठभागावर स्टिक उसळत नाही, त्यामुळे प्रत्येक आघातानंतर ती मनगटाने उचलावी लागते, त्यातून स्नायू बळकट होतात आणि मग स्नेअरवर (संचातल्या मुख्य, ताणलेल्या ड्रमवर) परतल्यावर हात आपोआप वेगाने चालू लागतात, असा तर्क त्यामागे दिला जातो. स्नायूंना श्रम पडतात हे खरे आहे. त्यातून वेग येतो, या निष्कर्षाला माझा स्पष्ट विरोध आहे.

मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारे यंत्र) मिनिटाला १२० ठोक्यांवर ठेवून प्रत्येक ठोक्याला चार आघात वाजवले, तर सेकंदाला आठ आघात होतात. ते उजवा-उजवा, डावा-डावा अशा डबल स्ट्रोकमध्ये वाजवायचे, तर एका जोडीतल्या दोन आघातांमध्ये १२५ मिलिसेकंदांचे अंतर राहते. येथपर्यंत दोन्ही आघात मनगटाने वाजवता येतात. लय याहून बरीच चढली, की मनगट प्रत्येक जोडीसाठी एकदाच खाली येते आणि दुसरा आघात स्टिकची उसळी व बोटे मिळून पूर्ण करतात. त्या लयीतले सगळे कौशल्य परतणारी स्टिक न अडवता तिला नेमक्या क्षणी बोटांनी पुन्हा खाली पाठवण्यात आहे. उशीवर उसळीच नसल्यामुळे हे कौशल्य तिथे शिकता येत नाही. उलट स्टिक घट्ट धरून वर खेचण्याची सवय लागते आणि ती सवय मोडायला पुढे फार वेळ जातो. नवशिक्यांना उशी देऊच नये, असे माझे मत आहे.

शांतमनगट :

आपले डबल स्ट्रोकचे विवेचन मला मान्य आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. आपण गृहीत धरता की वादकाला नेहमी उसळणारा पृष्ठभागच मिळतो. प्रत्यक्ष संचात ताणलेला स्नेअर आणि राइड सिंबल भरपूर उसळी देतात, परंतु खालच्या स्वरात लावलेला, सैल हेडचा (कातड्याचा) फ्लोअर टॉम हा मोठा ड्रम फारच कमी देतो. स्नेअरवर सुरू झालेला रोल (आघातांची सलग, जलद मालिका) फ्लोअर टॉमवर नेल्याबरोबर विस्कळीत होतो, हा अनुभव पॅडवरच (सरावाच्या रबरी पृष्ठभागावरच) वाढलेल्या बहुतेक हातांना येतो, कारण दुसऱ्या आघातासाठी हे हात पूर्णपणे रबराच्या उसळीवर अवलंबून राहिलेले असतात.

डबल स्ट्रोकमधला दुसरा आघात पहिल्यापेक्षा दुबळा पडणे हा सर्वांत सामान्य दोष आहे. पॅडवर तो लपतो, उशीवर लगेच ऐकू येतो. मध्यम लयीत उशीवर दोन्ही आघात सारखे वाजवायचे, तर दुसऱ्या आघाताच्या वेळी बोटे मिटून स्टिकला जोर द्यावाच लागतो. हेच काम पुढे द्रुत लयीतही उपयोगी पडते. थोडा वेळ, हात गरम झाल्यानंतर आणि पकड सैल ठेवून केलेला उशीचा सराव नवशिक्यालाही त्याच्या दोषाची जाणीव करून देतो.

द्रुत :

पृष्ठभागाविषयीचा हा वाद मला दुय्यम वाटतो. हात तयार न होण्याचे खरे कारण, माझ्या मते, मेट्रोनोम दर वेळी थोडा थोडा वाढवत नेण्याची पद्धत हे आहे. ६० पासून सुरुवात करायची, स्वच्छ वाजले की ६४, मग ६८, आणि असे चढत एके दिवशी १८० गाठायचे, असे सांगितले जाते. ही पद्धत वादकाला एका मर्यादेपर्यंत नेते आणि तिथेच अडकवून ठेवते, कारण संथ आणि द्रुत लयीतल्या हालचाली मुळातच वेगळ्या आहेत. चालण्याचा वेग कितीही वाढवला तरी त्याचे धावणे होत नाही. धावण्यासाठी पाऊल वेगळ्या तऱ्हेने पडावे लागते.

म्हणून संथ लयीतही द्रुत लयीचीच हालचाल वापरावी आणि तिच्या जोडीला अगदी छोटे वेगवान तुकडे घ्यावेत. उदाहरणार्थ, पॅराडिडलचा एकच फेरा (उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा) पूर्ण वेगात वाजवून थांबावे, हात सैल सोडावेत आणि मगच पुढचा फेरा घ्यावा. तुकडा छोटा असल्यामुळे हात आखडण्याआधीच तो संपतो, आणि आखडलेल्या हाताने केलेली पुनरावृत्ती आखडलेपणच पक्के करते.

साधक :

द्रुत यांच्या मताला मी विरोध नोंदवतो, कारण छोट्या वेगवान तुकड्यांवर भर दिलेले अनेक हात चार आघात झपाट्याने वाजवतात आणि सोळा सलग मागितले की कोसळतात. सहनशक्ती आणि आघातांची समानता ही संथ, दीर्घ आणि सलग सरावातूनच येते. आपण म्हणता तो हालचालीचा बदल जुन्या रूडिमेंट (ड्रमवादनातले आघातांचे मूलभूत आकृतिबंध) परंपरेला माहीत नव्हता असेही नाही. अमेरिकेत १९३३ मध्ये स्थापन झालेल्या रूडिमेंटल ड्रमर्सच्या संघटनेने जी १३ रूडिमेंट अत्यावश्यक मानली, त्यांत लाँग रोल (डबल स्ट्रोकचा सलग रोल) अग्रस्थानी आहे आणि तो वाजवण्याची रूढ रीत अशी, की अगदी संथ सुरुवात करून लय न तोडता वाढवत न्यायची आणि शिखरावर पोहोचून तितक्याच सावकाश खाली यायचे. हे करताना मनगटाची हालचाल बोटांच्या हालचालीत नेमकी कुठे बदलते, तो प्रदेश वादकाला प्रत्येक वेळी दोनदा ओलांडावा लागतो. त्याच टप्प्यावर हात अडखळतो, आणि आपले छोटे तुकडे त्याला वळसा घालून जातात.

उशीविषयी मात्र मी लयबद्ध यांच्याशी बराचसा सहमत आहे. हात तयार करण्यासाठी जड स्टिकने सराव करण्याचाही सल्ला दिला जातो; तो मी उशीपासून वेगळा ठेवतो, कारण जड स्टिक पॅडवर उसळते, तिचे वजन हाताला जाणवते आणि घट्ट धरली तर लगेच त्रास देते.

लयबद्ध :

शांतमनगट यांचा फ्लोअर टॉमचा मुद्दा वजनदार आहे. तरीही त्यावरचा उपाय म्हणून मी फ्लोअर टॉमवरच सराव करायला सांगेन. तिथे उसळी कमी असली तरी शून्य नसते, आणि बोटांना त्या उरलेल्या उसळीचा अंदाज घ्यायला शिकायचे असते. उशीवर अंदाज घेण्यासारखे काहीच उरत नाही.

नवशिक्याने सुरुवात फ्री स्ट्रोकपासून करावी, असा माझा आग्रह आहे. स्टिकचे टोक खांद्याच्या दिशेने वर असावे, तिथून ती पॅडवर टाकावी आणि ती स्वतःहून पुन्हा तिथपर्यंत येते का ते पाहावे. ती मध्येच थांबली, तर अंगठा आणि तर्जनी यांच्यातली पकड गरजेपेक्षा घट्ट आहे किंवा मागची तीन बोटे स्टिकला अडवत आहेत, हे डोळ्यांना दिसते. एका हाताचे आठ, मग दुसऱ्या हाताचे आठ असे आघात संथ लयीत, उंची न घटवता वाजवणे हा दिसायला क्षुल्लक व्यायाम आहे, पण डाव्या आणि उजव्या हातातला फरक इतक्या निर्दयपणे दाखवणारा दुसरा व्यायाम मला माहीत नाही. तो साधल्यावर स्टिक खालीच रोखणारा डाऊन स्ट्रोक, कमी उंचीवरचा टॅप आणि टॅपनंतर हात वर नेणारा अप स्ट्रोक घ्यावेत. अ‍ॅक्सेंटसह (ठरावीक आघातांवर जोर देऊन) पॅराडिडल वाजवायला हे तीनही स्ट्रोक लागतात.

कोपराखालच्या स्नायूंत जळजळ होऊ लागली की थांबावे, हेही सांगणे आवश्यक आहे. वेदना सोसून बळ वाढते, या समजुतीने केलेला सराव मनगटाला कायमची इजा करू शकतो, आणि उशीच्या सरावात ही समजूत विशेष बळावलेली आढळते.

शांतमनगट :

वेदनेबाबत दुमत नाही. फ्री स्ट्रोकही मी पहिलाच ठेवतो. मतभेद त्याच्यानंतरच्या पायरीविषयी आहे. ज्या विद्यार्थ्याचा फ्री स्ट्रोक सुटा झाला आहे, त्याने पॅडवर वाजवलेला डबल स्ट्रोक रोल लगेच उशीवर त्याच लयीत, त्याच उंचीने वाजवावा आणि पुन्हा पॅडवर यावे, असे मी सांगतो. दोन पृष्ठभागांमध्ये अशी अदलाबदल केली की उसळीचा वाटा किती होता आणि बोटांचा किती, हे त्याला कुणी समजावून न सांगता कळते. आपण सुचवलेल्या फ्लोअर टॉमवर हा फरक इतका ठळक होत नाही, आणि म्हणूनच उशी नवशिक्याच्या सरावातून वगळायला मी तयार नाही.

द्रुत :

साधक यांना माझा एक प्रश्न आहे. लाँग रोलमध्ये तो बदलाचा टप्पा ओलांडताना विद्यार्थ्याचा हात प्रत्येक वेळी त्याच लयीला आखडत असेल, तर त्याच मार्गाने पुन्हा पुन्हा जाऊन तो मोकळा कसा व्हावा? वरच्या वेगाला हात कसा सैल असतो, हे त्याने आधी छोट्या तुकड्यात अनुभवलेले नसेल, तर खालून वर येताना कोणत्या हालचालीकडे जायचे, हे त्याला ठाऊकच नसते. माझ्या मते तुकडे आधी आणि लाँग रोल नंतर, हाच क्रम असायला हवा.