'ब्लॅक पँथर'च्या प्रेक्षकांविषयी

'ब्लॅक पँथर' या सुपरहिरो चित्रपटाचे स्वागत म्हणजे केवळ मार्व्हल या निर्मितीसंस्थेच्या जाहिरातबाजीचे यश, हे मत मला अपुरे वाटते. फेब्रुवारी 2018 मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय प्रेक्षक दाशिकी (सैल, रंगीत आफ्रिकी सदरा) आणि आफ्रिकी नक्षीचे पोशाख घालून सहकुटुंब चित्रपटगृहांत गेले. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या मुलांना तो पाहता यावा म्हणून लोकवर्गणी उभी राहिली आणि बघता बघता तो उपक्रम इतर शहरांतही पोहोचला. जाहिरातीने तिकिटे खपतात, असा सणाचा उत्साह मात्र विकत आणता येत नाही.

चित्रपटातल्या वाकांडा या काल्पनिक, प्रगत आफ्रिकी देशाची स्त्री-सेनापती ओकोये वेषांतरासाठी घातलेला आपला केसांचा टोप उपटून समोरच्या माणसाच्या तोंडावर भिरकावते, तो क्षण कृष्णवर्णीय स्त्रियांना इतका का भावला असेल, याचा विचार जरूर करावा.

त्याहून मोलाचे मला प्रेक्षकांमधले मतभेद वाटतात. चित्रपटाचा खलनायक किलमाँगर याचा हिंसक मार्ग अमान्य असूनही, जगभरचे कृष्णवर्णीय अन्याय सोसत होते तेव्हा समर्थ वाकांडा कुठे होता, हा त्याचा सवाल अनेकांना आपलाच वाटला. तर किलमाँगरसारख्या, कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये वाढलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनालाच खलनायक का केले, अशी तीव्र नाराजी काहींनी नोंदवली. हा वाद निव्वळ जाहिरातीतून उद्भवत नाही.