शाकाहारी, सात्त्विक, फराळी, जैन : फलकावर काय लिहावं?

विचारणा : पौष वद्य एकादशीच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेला नाशिकवरून त्र्यंबकला दिंड्या जातात. वाटेवरच्या अन्नदानाच्या फलकांवर कुठे 'शाकाहारी', कुठे 'सात्त्विक', कुठे 'फराळ' असतं. एकाऐवजी दुसरा शब्द चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. 'शाकाहारी'त मांस, मासे, अंडी नाहीत एवढंच कळतं. कांदा-लसूण असू शकतो. 'निरामिष'चाही मूळ अर्थ तोच, कारण आमिष म्हणजे मांस. 'फराळ' मात्र फलाहारावरून आला. त्यात नेहमीचं धान्य वर्ज्य : दशमीला वरणभात, एकादशीला भगर आणि दाण्याची आमटी, द्वादशीला पारणं. बहुतेक घरांत उपासाच्या फोडणीला जिरं चालतं, हळद-हिंग-मोहरी नाही. आचारी सवयीनं हळद टाकतो आणि अख्खं पातेलं उपासाला बाद होतं.

दुसरं उत्तर : नाशिकजवळ म्हसरूळला गजपंथ या जैन तीर्थाला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी 'जैन' हा चौथा शब्द लागतो. फराळी म्हणजे जैन, ही चूक सर्रास होते. बटाटा, रताळं उपासाला चालतं, पण कंदमूळ म्हणून जैन पानात चालत नाही. भात तिथे चालतो, एकादशीला नाही. ओलं आलं वर्ज्य, सुंठ चालते. शिवाय सूर्यास्तानंतर वाढलं तर रात्रिभोजनाचा नियम मोडतो, म्हणून वेळही लिहावी.

विचारणा : मग 'सात्त्विक' म्हणजे बिनकांदा-लसणाचं ना?

उत्तर : आज रूढ अर्थ तोच. पण गीतेच्या सतराव्या अध्यायात (श्लोक 8 ते 10) कांदा-लसणाचं नावही नाही. तामस म्हणून शिळं, नासकं, उष्टं अन्न सांगितलंय. लसूण-कांद्याचा निषेध मनुस्मृतीत (5.5) आहे आणि तिथला शब्द 'अभक्ष्य', तोही द्विजांपुरता. दोन परंपरा एका शब्दात मिसळल्यात. सकाळची भाजी रात्री गरम करून 'सात्त्विक' म्हणून वाढणं गीतेच्या अर्थानं चूकच, कांदा नसला तरी.

पुरवणी : शब्दाचा अर्थ कुणाचा धरायचा, हा प्रश्न गांधीजींनाही पडला होता. 1888मध्ये विलायतेला जाताना त्यांनी आईला मांस न खाण्याचं वचन दिलं. तिथल्या काही शाकाहारी मंडळींच्या व्याख्येत अंडं मांसात येत नव्हतं, म्हणून त्यांनी अंडी खाल्ली. पुढे वचन घेणाऱ्या आईच्या मनातला अर्थच खरा, असं ठरवून ती सोडली. फलकालाही हेच लागू : अर्थ जेवणाऱ्याचा.

उत्तर : पटलं. तेव्हा 'सात्त्विक भोजन' टाळून सरळ 'कांदा-लसूण नाही' लिहावं. एकादशीला 'उपासाचं : भगर, दाण्याची आमटी, हळद नाही', आणि जैन पानासाठी वेगळं पातेलं, वेगळा डाव.